खोऱ्यात घेतलेलं नाव

बस करा व आता! सकाळपासून त्या नव्या सुनेच्या मागं हात धुऊन लागल्या तुमी साऱ्या. नवऱ्याचं नाव तोंडातून निसटलं तिच्या, घराले आग नाई लावली तिनं. रडून रडून डोळे सुजवून घेतले पोरीनं. इकडं ये व माय, माझ्यापाशी बस. हे करवंदं निवड माझ्यासंग, देठं काढून टाक. आन तुमी बाकीच्या चूपचाप आयका. याच घरातल्या बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं होतं, माझ्या डोळ्यादेखत. तेबी पदराआड पुटपुटून नाई, डोंगराच्या खोऱ्यात, गळा फाटस्तोवर वरडून. माझी धाकटी जाऊ होती थे, मनकर्णा.

डोंगराच्या पायथ्याचं माहेर होतं तिचं. अंगानं बारकी, रंगानं सावळी, आन पायाले भिंगरी. माझा दीर वाघोजी, त्याले दिली होती. आता नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते, हे आपल्याकडं परकराच्या पोरीले बी माईत हाये. पन बाकीच्या बायकाइचं निभून जाते. हिच्या नशिबी आला वाघोजी! म्हंजे नवऱ्याचं नाव घ्याचं नाई, आन त्या जनावराचंबी नाई. कावून का अर्धं नाव तेच झालं ना. हळदीकुंकवाच्या उखान्यातबी थे 'रानाचे राजे' म्हनून मोकळी होये, आन आमी हासून हासून लोळो.

वाघाले थे 'मोठं' म्हने. माहेरी मोठं आलतं, गाय नेली, असं. आन माझे मालक, वाघोजीचे थोरले भाऊ, म्हंजे तिचे भासरे. भासऱ्याचंबी नाव घेता येत नाई, म्हनून त्यायले थे 'मोठे' म्हने. जनावर मोठं, आन भासरे मोठे. मालकाच्या नाकावर राग कसा बसलेला राहे थे तुमाले माईतच हाये. मी तिले चिडवो, "काव मनकर्णे, दोघाइत फरक काय मंग?" तं म्हने, "बाई, मोठं पोट भरल्यावर चूप तरी बसते!" ही गोष्ट तिनं जाऊन नवऱ्याले सांगतली. तवापासून वाघोजी आपल्या भावाले घरात गुपचूप 'मोठं जनावर' म्हनाले लागला. हासा, हासा. याच मस्करीनं पुढं जीव घ्याची वेळ आनली.

थे सालं कापसाचे होते. सातासमुद्रापार कोनाची तरी लढाई जुंपलती, आन त्यापाई आपल्या वऱ्हाडातल्या कापसाले असा भाव आला का शहाने शहाने येडे झाले. जवारीच्या वावरात कापूस, गुरं चराच्या पडीतात कापूस. धुऱ्या-बांधावरच्या बोरी तोडल्या, भोकरी तोडल्या, एक हात जागा मोकळी सोडली नाई. पोराइले तोंडात टाकाले गावात एक रानचं फळ राह्यलं नाई. कोनं म्हने गाडीच्या चाकाले चांदीची धाव बसवली. म्या काई पाह्यली नाई, पन लोक सांगत. घरात रेचा फिरे सारखा, सरकी इकडं, रुई तिकडं, आन खोकून खोकून आमचा जीव जाये.

अशा दिवसात माझी जाऊ काय करे? वैशाख लागला का खोऱ्यात जाये. फुलं पाहाले! तोडाले नाई हो, पाहाले. सासू कपाळावर हात मारे. मीबी म्हनो, डोकं फिरलं हिचं. आन वाघोजी तिच्या मागं मागं. गाव त्याले बायकोचा बैल म्हने, तं थो हासे, म्हने, "बैल तं बैल, चारा तं गोड हाये ना!"

त्या साली कापसाच्या गाड्या भरून उभ्या होत्या, अमरावतीले न्याच्या. मालकाले घाई, का भाव उतराच्या आत पोचलं पाह्यजे. आन गाडी हाकाले वाघोजीसारखा कोनी नाई. पन त्यानं बायकोले जबान देल्ली होती का उद्या तुले खोऱ्यात नेतो. झालं, दोघं भाऊ आंगनात भिडले. मालक गरजले, "वाघ्या, उद्या दुपारपावतर बैल जुंपले नाई तं मी सोता खोऱ्यात येईन, आन काठीनं झोडपत आनीन तुले! बायकोच्या समोर!"

"दुपारच्या आत येतो दादा," म्हने वाघोजी. आन पहाटेच निंगाला. मीबी निंगाली त्यायच्यासंग, मालकाचा डोळा चुकवून. लोनच्याले करवंदं पाह्यजे होते मले, दुसरं काई नाई.

खोरं तुमी पाह्यलं नाई. बाहेर पाय भाजते, आन आत पाय ठेवला का अंगावर काटा येते, एवढं थंड. दोन्हीकडं काळे कडे उभे, वर आभायाची चिंधी. खाली झरा, उन्हाळ्यात त्याचे निस्ते डोह राहतात, उंबराच्या, जांभळीच्या सावलीत. मनकर्णा तठी गेली का दुसरीच बाई होये. घरात तोंडातून शब्द निंगत नसे तिच्या, आन तठी बोलनं थांबत नसे. "बाई, वर पाहा, बहावा कसा लोंबते. बाई, वास घ्या, कुडा फुलला. बाई, पाय पाहून ठेवा, तठी बारकं निळं हाये, चिरडन." मले काई निळं दिसे ना. मी करवंदाच्या जाळीपाशी फतकल मारून बसली आन टोपली भराले लागली. तं म्हने, "साऱ्या जाळीचे तोडू नोका. पाखराले ठेवा." मी चिडली. म्हनलं, पाखरं काई लोनचं घालत नाई व!

वाघोजी तुंबा घेऊन खाली डोहाकडं गेला, पानी भराले. आमी अलीकडच्या उतारावर, थो पलीकडच्या कड्याच्या बुडाशी. त्या कड्याले डोहाच्या वर, दोन मानसं उंचीवर, एक कपार होती, आत अंधार. कपारीच्या तोंडाशी उंबराचं झाड कड्याले चिकटून उगवलेलं, मुळ्या खाली डोहापावतर आलेल्या. मनकर्णानं मले बोट दाखोलं. "बाई, थ्या फांदीवर पाहा. मातीत नाई, फांदीवरच उगोते थे फूल. तपकिरी पाकळ्या, मधात जांभळी जीभ. माह्या मायनं दाखोलं होतं मले, याच झाडावर." मी पाह्यलं. खरं सांगतो, चांगलं दिसे.

आन तेवढ्यात वरतं वानेर खोकललं, जनावर दिसलं का खोकलते तसं. एकदा, मंग दुसऱ्यांदा. मनकर्णा बोलता बोलता थांबली.

मी म्हनलं, "काय झालं व?" तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. खाली पायापाशी वली माती होती, तिच्यात माग उमटला होता, माझ्या पंज्याएवढा, आन त्याच्यात पानी अजून झिरपून राहिलं होतं. म्हंजे जनावर आताच गेलं. टोपली कलंडली, करवंदं गडगडत खाली गेले, मले उचलाचं सुचलं नाई.

मंग आमाले दोघीले वाघ दिसला. कड्याच्या वरच्या पायवाटेनं थो उतरला, कशाची घाई नाई, जसं सोताचंच घर. कपारीत शिरला आन थंड दगडावर आडवा झाला. शेपटीचं टोक तेवढं बाहेर, हळूहळू हाले. आन त्याच्या सरळ खाली वाघोजी डोहाशी बसून तुंबा भरून राहिला होता, शीळ घालत. त्याले वरचं काई दिसत नवतं. कपारीची कड आडवी येत होती ना.

मले वरडाचं होतं, पोरीहो. मी तं वाघोजीची वयनी, मले त्याचं नाव घ्याले कोनाची बंदी? वाघ म्हनाले कोनाची बंदी? पन दातखिळी बसली माझी.

मनकर्णा उठून उभी राह्यली. पदर डोक्यावरून खाली पडला तिचा. हाताचा भोंगा करून तिनं हाक देल्ली, "अवो! मोठं आलं! मोठं आलं!"

आता खोऱ्याची एक खोड हाये. तठी आवाज या कड्यावरून त्या कड्यावर आपटते, आन शब्दाची शेपटी गळून पडते. तिनं म्हनलं, मोठं आलं. खाली डोहापाशी पोचलं, मोठे आले. वाघोजीनं मान वर केली आन हासला. त्याले वाटलं, दादा आला काठी घेऊन! त्यानं ओठावर बोट ठेवलं, का सांगू नोको. मंग वर बोट केलं, कपारीकडं. म्हंजे मी तठी लपतो, तू म्हन का थो गेला पाखरं माराले. लहानपनापासून तसंच लपे थो दादापासून, तुराट्याच्या ढिगात, गव्हानीत.

आन उंबराच्या मुळ्या धरून थो वर चढाले लागला.

"नाई! नाई!" थे वरडली. "जनावर! मोठं जनावर!"

अरे देवा. जनावर म्हनल्यावर तं थो आनखीनच हासला. भावाले जनावर म्हनून म्हनून आमीच बिघडवून ठेवलं होतं त्याले. हासता हासता त्याचा पाय निसटला, मले वाटलं पडते, बरं होईन, पडू दे. पन त्यानं दुसरी मुळी धरली आन परत चढाले लागला. वर शेपटी हालाची थांबली होती. कपारीतून डोस्कं बाहेर आलं, कान मागं पाडलेले, मान खाली. त्यालेबी आवाज आयकू आला होता का खालतं काई तरी चढून राहिलं हाये.

मी मनकर्णाकडं पाह्यलं. थो चेहरा मी मरतपावतर इसरनार नाई. तोंड उघडं, ओठ हालत, आन शब्द निंगत नाई. तिले भेव वाघाचं नवतं, पोरीहो. तिले वाटे, नाव नाई घेतलं तं हे जनावर त्यायले आता खाईन, आन नाव घेतलं तं मीच त्यायचं आयुष्य खाईन. दोन्हीकडून मरनं त्याचंच, आन तिच्याच हातानं. माझा दंड धरला होता तिनं, तिचे नखं उतरले माझ्या मासात, हे पाहा, अजून वण हाये.

वाघोजीचा हात कपारीच्या कडेले लागला.

"वाघ!"

कसा आवाज होता थो, सांगता येत नाई. बारक्या अंगाच्या त्या बाईच्या पोटात एवढा आवाज कुठी होता कोनाले माईत. "वाघ! वाघ! वाघ!" या कड्यावरून त्या कड्यावर थेच आदळे. आन याची शेपटी गळाली नाई, कावून का याले शेपटीच नाई. दोनच अक्षरं, थो सोताबी, आन थे जनावरबी.

वाघोजी जागच्या जागी थिजला. भाऊ त्याले वाघ्या म्हने, मी वाघोजी म्हनो, सारं गाव म्हने. पन बायकोच्या तोंडातून त्यानं थे नाव जन्मात आयकलं नवतं. त्यानं मान फिरवून तिच्याकडं पाह्यलं. हासनं पुसून गेलं. त्याले समजलं, का हे बाई माझं नाव घेऊन राहिली म्हंजे माझं मरन माझ्या डोक्यावर उभं हाये. वर पाह्यलंच नाई त्यानं. हात सोडून देल्ले.

थो खाली डोहात पडला, आन त्याच घटकेले वरतून डरकाळी फुटली. मी डोळे मिटले. उघडले तवा कपार रिकामी होती, वरच्या दगडाइवरून माती घसरत होती, आन वानेरं दूर दूर वरडत चालले होते. डोहात पानी कमी, दगड जास्त. वाघोजीचा पाय मांडीपासून मोडला होता.

थे उतारावरून कशी उतरली मले माईत नाई. मी पोचली तवा त्याचं डोस्कं मांडीवर घेऊन बसली होती. थो कण्हत होता, आन कण्हता कण्हता म्हने, "नाव घेतलं व तू." थे निस्ती त्याच्या केसातलं पानी निथळवत राह्यली. रडूबी नाई आलं तिले.

आन त्याच वेळेले, आयका, मोठे खरंच आले! काठी घेऊन, गडी घेऊन, शिव्या देत. खोऱ्याच्या तोंडाशी त्यायनं आवाज आयकला होता. येऊन पाहतात तं भाऊ डोहात. काठी फेकली त्यायनं. भावाले पाठीवर घेतलं, आन घरापावतर कोनाले हात लावू देल्ला नाई. वाटेत रडून राहिले होते, मालक माझे, लहान पोरासारखे. फक्त एकदा थांबले आन मले इचारलं, "वाघ म्हनून कोन वरडलं?" मनकर्णानं पदर पार गळ्यापावतर ओढला. मी म्हनलं, "घरची धाकटी सून." गाड्या काई त्या हप्त्यात निंगाल्या नाई, आन मंग भाव उतरला तो उतरलाच. मालकानं ना त्या नुकसानीचं, ना त्या हाकेचं कधी नाव काढलं.

पन सासूनं काढलं! म्हने, पाय मोडला तो नाव घेतल्यानंच. मी भांडली. म्हनलं, नाव घेतलं नसतं तं पाय राह्यला असता का, डोस्कं राह्यलं असतं का? सासू म्हने, "पार्बते, तू गप. आता पाय गेला, पुढं काय काय जाते थे पाहा." थे वाक्य मनकर्णाच्या काळजात जाऊन बसलं. पाय वाकडा जुळला. वाघोजी लंगडत का होईना चालाले लागला, पन त्याले साधी सर्दी झाली तरी थे खात नसे. गावात पटकी आली त्या साली त्यालेबी लागली. थे उंबरठ्यावर बसून राहे, पान्याचा घोट नाई. मले म्हने, "बाई, म्या खाल्लं का व त्यायचं आयुष्य? खरं सांगा." मी काय सांगू? मी कोन देव हाये का? मी तिले शिव्या देल्ल्या, आन जबरदस्तीनं पेज पाजली. वाघोजी उठला. थे मात्र त्याच्या श्वासावर कान ठेवून जगली, सारा जलम. अशी बायको असते, पोरीहो. नाव घेतलं म्हनून हासता काय!

वाघोजीले मात्र त्या हाकेची चटक लागली होती. लोकाइले नवल वाटन, पन खरं सांगतो. वैशाखात दोघं खोऱ्याच्या तोंडापावतर जात. थो काठी टेकून तठीच बसे, थे आत जाये, आन येऊन सांगे, कुठी काय फुललं, कुठी काय पिकलं. आन थो म्हने, "एकदा घे ना व नाव. तवा भेवात नीट आयकलं नाई म्या." थे लाजून लाल होये. म्हने, "गप बसा. थे मोठं समोर उभं असन तवाच घेईन." दर साली थो मागे, दर साली थे हेच म्हने.

म्हातारी होऊन खाटेले लागली तवाबी वैशाखच होता. तुमाइतल्या काई जनी तवा या घरात आल्या होत्या, आठोत असन. ताप उतरे ना. त्या दिवशी सकाळी वाघोजी कोनाले न सांगता काठी टेकत निंगाला. दुपारी आला, घामानं वला, पाय सुजलेला. तिच्या खाटेपाशी बसला. म्हने, "आयकते का व? आत गेलतो मी. त्या उंबरावर फुललं हाये थे. जांभळी जीभ हाये अजून. तोडलं नाई म्या, निस्तं पाह्यलं."

तिनं डोळे उघडले. त्याच्याकडं मान वळवली. मंग अगदी हळू, पन साफ म्हनली, "वाघ."

खोलीत एकच कल्ला झाला. कोनी म्हने, वात झाला म्हातारीले, जनावर दिसून राहिलं. कोनी उशाखाली लोखंडाचा विळा ठेवाले धावलं, भेव पळावं म्हनून. मी तठी उभी होती, मले समजलं तिच्यासमोर काय उभं होतं थे. आन वाघोजीले समजलं. त्यानं विळा बाजूले सारला, तिचा हात हातात घेतला, आन कोनी हाक मारल्यावर मानूस देते तशी ओ देल्ली.

"आलो व," म्हने. "आलो."

संध्याकाळच्या आत गेली थे. भरल्या कुंकवानं गेली, आन थो तिथं ओट्यावर बसला हाये, तंबाखू मळत, अजून. हे घे पोरी, वाटीभर करवंदं नेऊन दे त्याले. आन तुझ्या नवऱ्याचं नाव काय म्हनली व तू?